सदुसष्ट नंबरचा नवस

सॅली नवगावकरनं आयुष्यात तीन नवस बोलले. पहिला मुलगा व्हावा म्हणून, दुसरा त्यानं नीट जेवावं म्हणून आणि तिसरा त्याच्या हातात एकदा तरी बॉल यावा म्हणून. पहिल्या दोन नवसांना ज्यूंचे प्रेषित एलियाहू हन्नाबी असे काही पावले की ऍरन सव्विसाव्या वर्षी सहा फूट चार इंच उंच आणि वीस स्टोन, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर वजनाचा झाला. दारातून यायचा तर आधी खांदा यायचा, मग बाकीचा ऍरन. तिसऱ्या नवसात मात्र बाईनं स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

नवगावकर म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. झकेरिया आणि सॅली लग्नानंतर लगेच लंडनला आले, त्याला तीसेक वर्षं होऊन गेली होती. झकेरिया बसच्या गॅरेजात ब्रेक दुरुस्त करायचा. घरात बोलणं मराठी, प्रार्थना हिब्रू आणि बाहेर इंग्लिश, पण भांडण शुद्ध अलिबागचं. एकुलता एक ऍरन इथंच जन्मला, इथंच वाढला. त्याचं मराठी आईच्या मराठीच्या मागं लंगडत यायचं, पण यायचं.

शाळेत आणि पुढं क्लबात तो रग्बी खेळायचा. तिथून कुणा अमेरिकन कोचनं त्याला हेरला. त्या काळात अमेरिकेतल्या काही श्रीमंत मंडळींनी युरोपात अमेरिकन फुटबॉलची पगारी लीग काढली होती. प्रत्येक टीममध्ये खेळाडू बहुतेक अमेरिकन, पण चार-पाच पोरं इथली घ्यायची असा नियम होता. ऍरनला मँचेस्टर स्टीमर्सनं घेतलं. दोन हजार साल होतं. सॅलीनं लंडनमधल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना फोन केले. "आमचा ऍरन प्रोफेशनल झाला हो!" कशात, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं, पण प्रोफेशनल म्हटल्यावर पुढचं कुणी विचारत नाही.

विचारणारी एकच होती, प्रमोदिनी. पुण्याची, दोन गल्ल्या सोडून राहणारी, सॅलीची तीस वर्षांची मैत्रीण. तिचा मुलगा वरद बँकेत होता आणि दर सहा महिन्यांनी त्याला बढती मिळायची. इतक्या बढत्या मिळूनही तो अजून बँकेचा मालक कसा झाला नाही, हे सॅलीला कोडंच होतं.

पहिल्या घरच्या मॅचला सगळे मँचेस्टरला गेले. मॅच रविवारी होती म्हणून बरं. शनिवार ज्यूंच्या विश्रांतीचा; त्या दिवशी मॅच असली की झकेरिया कपाळाला हात लावायचा. "गावात आपल्याला शनवार तेली म्हणायचे गं. शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. आणि त्या तेल्यांचा नातू शनवारी धक्काबुक्की करतोय!"

तर मैदानावर बावीस जण एकमेकांच्या अंगावर कोसळत होते आणि सॅली बॉल शोधत होती. बॉल एका पोराच्या हातात असायचा, तो मागं सरायचा, लांब कुणाकडे तरी फेकायचा आणि लोक ओरडायचे. ऍरन त्याच्या पुढं डावीकडं वाकून उभा. खेळ सुरू झाला की समोरच्या रेड्याला भिडायचा, ढकलायचा, पडायचा, उठायचा. पुन्हा वाकून उभा. तासभर हेच. आणि मग एकदम लाऊडस्पीकरवर आवाज आला, "नंबर सिक्स्टी-सेव्हन!"

सॅली ताडकन उठली. दोन्ही हात वर करून टाळ्या पिटायला लागली. "माझा मुलगा! सिक्स्टी-सेव्हन, माय सन!"

आजूबाजूचे तीनशे लोक वळून तिच्याकडे बघायला लागले. सून केरेननं तिची बाही ओढली. "आई, बसा. बसा ना प्लीज. पेनल्टी दिलीय त्याला. त्यानं समोरच्याला होल्ड केलं."

"पण नाव घेतलं ना?"

"आई, ह्यांचा नंबर फक्त चूक झाली तरच घेतात."

सॅली मटकन खाली बसली. बाई बाई बाई! म्हणजे पोरानं चांगलं काम केलं तर त्याचं नाव नाही आणि चुकला की सगळ्या मँचेस्टरला ऐकवायचं? हा कुठला न्याय? घरी आल्यावर प्रमोदिनीचा फोन. "मग, किती गोल मारले आमच्या ऍरननं?" ह्यात गोल नसतात, असं सॅली म्हणाली. "बरं, मग जे काही असतं ते किती मारलं?" सॅलीनं दारावर कुणीतरी आलंय सांगून फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी तिनं एलियाहू हन्नाबीच्या तसबिरीपुढं नवस बोलला. नवस मलिद्याचा. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर पाच फळं, सगळी जमात बोलवून आरास मांडीन. मागणं साधंच: "ऍरनच्या हातात एकदा बॉल येऊ दे, भर मैदानात, सगळ्या लोकांसमोर. तोवर मासळी तोंडात घालणार नाही." कोकणातल्या बाईनं मासळी सोडायची म्हणजे काय, ते कोकणातल्यालाच विचारावं.

दुसऱ्या दिवशी केरेनला कळलं. केरेन लंडनची, शाळेत शिकवणारी, समजावून सांगायची तिला सवय. ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही दुसरं काहीतरी मागायला हवं होतं. ऍरन ऑफेन्सिव्ह लाइनमन आहे. त्यांच्या लायनीतल्या लोकांकडं बॉल फेकायचाच नाही, असा रूल आहे."

"रूल?"

"हो. त्याचं काम मागच्या त्या मुलाला, क्वार्टरबॅकला, कुणी हात लावू नये एवढंच. बॉल चुकून सांडला तरच उचलता येतो."

"म्हणजे बॉलच्या खेळात त्याला घेतलाय आणि बॉल द्यायचा नाही म्हणून घेतलाय!"

"तसंच काहीतरी."

सॅलीनं डोकं धरलं. पण नवस तो नवस. बोललेला शब्द काय परत गिळायचा? "चुकून सांडू दे मग," ती म्हणाली. "चुका काय माणसं करत नाहीत? आणि हे बघ केरेन, ऍरनला ह्यातलं अक्षर कळता कामा नये. उगीच धडपडेल आणि नोकरी घालवून बसेल."

अशी वर्षं चालली. ऍरनच्या करिअरविषयी सांगायचं तर सांगण्यासारखं काही घडलंच नाही, आणि त्याच्या धंद्यात ह्याहून मोठी तारीफ नाही. स्टीमर्सनं आठ सीझनमध्ये तीन कोच बदलले, चार क्वार्टरबॅक बदलले, शर्टाचा रंगसुद्धा बदलला. डावीकडं वाकून उभा राहणारा सदुसष्ट तोच राहिला. बोटं मोडली, चिकटपट्टी लावून खेळला. गुडघा सुजला, बर्फ लावून खेळला. वर्तमानपत्रात त्याचं नाव कधी आलं नाही. दर वसंतात नवा कोच यायचा, यादीवरून बोट फिरवायचा आणि सदुसष्टपाशी न थांबता पुढं जायचा, कारण तिथं बघण्यासारखं काही नसायचं.

झकेरियाला ह्याचं फार कौतुक. "लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. ब्रेकवाल्याला कधी म्हटलंय कुणी? पण गाडी थांबते ना!"

"तुमचं ब्रेकपुराण पुरे," सॅली म्हणायची. "मी त्याला ब्रेक व्हायला नाही वाढवला."

झकेरियाचे स्वतःचे हाल मात्र कुणी बघू नयेत. त्याला मासळी बंद नव्हती. सॅली त्याला पापलेट तळून वाढायची, पण समोर बसून असे सुस्कारे टाकायची की घास घशाखाली उतरत नसे. शेवटी तो कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानात जाऊन उभ्याउभ्या तळलेला कॉड मासा खायचा आणि घरी येताना पेपरमिंट चघळायचा. चौथ्या वर्षी तो हातघाईवर आला. एकदा ऍरन जेवायला आला तेव्हा त्यानं बाजारातून एक अमेरिकन फुटबॉल आणला आणि ऍरनच्या हातात कोंबला. "धर रे जरा." ऍरननं धरला. झकेरिया उभा राहून जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. "आला! हातात बॉल आला! सॅली, झाला गं नवस, टाक कढई!"

सॅली स्वयंपाकघरातून आली. तिनं बॉलकडं बघितलं, टाळ्यांकडं बघितलं. "भर मैदानात म्हटलं होतं मी. सगळ्या लोकांसमोर."

"मी लोक नाही का?"

"तुम्ही लोक नाही," ती म्हणाली आणि आत गेली. ऍरन बॉल हातात धरून बराच वेळ तसाच उभा होता.

मॅचला ती पुन्हा गेली नाही. तिला जाववतच नसे. "बॉल आला की सांगा, पुढच्या ट्रेननं येते," म्हणायची. प्रमोदिनीशी बोलताना विषय हवेचा नाहीतर गुडघ्याचा. असं करता करता दोन हजार सात उजाडलं, आणि मे महिन्यात ऍरनचा फोन आला. लीगला घरघर लागली होती. अमेरिकेतल्या मंडळींनी ह्या सीझननंतर दुकान गुंडाळायचं ठरवलं होतं. "आई, जूनमध्ये लास्ट मॅच आहे. संडे आहे. तू ये. मग माझी खेळ संपला."

सॅली फोन ठेवून हिशेब करायला बसली. तो चौतीस वर्षांचा, गुडघा अर्धा गेलेला. दुसरी टीम कोण घेणार? म्हणजे बॉल यायचा तर ह्या एका मॅचमध्ये. नाहीतर नवस जन्मभर गळ्यात, आणि तिचा मुलगा आठ वर्षं मैदानात होता हे जगाला कळणार नाही ते नाहीच. मासळी गेली खड्ड्यात. तिला त्याच्या नावानं वाजलेली एक टाळी ऐकायची होती, बस.

रविवारी दुरुस्तीसाठी रूळ उखडलेले. अर्ध्या वाटेत बदली बस, मग पुन्हा ट्रेन, मग ट्राम. जून असून पाऊस बारीक बारीक आणि वारा बोचरा. कोट, स्कार्फ, थर्मास आणि झकेरिया सांभाळत ती खेळाडूंच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवलेल्या रांगेत जाऊन बसली. केरेन पलीकडं. ह्या बाजूच्या खुर्चीवर पन्नाशीची एक गोरी बाई, पिवळ्या रेनकोटात, दोन्ही हातांनी पर्स आवळून बसलेली. मार्लीन तिचं नाव. अमेरिकेतून कालच आली होती.

"तुमचा कोण?" सॅलीनं विचारलं.

"नंबर नऊ. क्वार्टरबॅक."

झालं! देवानं बसवायचं तर हिच्या शेजारी बसवावं? जिच्या पोराच्या हातात दर वेळी बॉल! सॅलीनं तोंडभर हसून "ओ, लव्हली" म्हटलं आणि मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

मॅच सुरू झाली. सॅली डोळ्यांत तेल घालून बॉलकडं बघत होती. बॉल सांडेल, घरंगळेल, ऍरनच्या पायाशी येईल. येत नव्हता. अर्धी मॅच गेली तरी आला नाही. मध्येच तिच्या लक्षात आलं, की मार्लीन बॉलकडं बघतच नाही. नऊ नंबरनं लांबलचक पास टाकला, सगळं मैदान उभं राहिलं, हिची मान वळली नाही. एकाच जागी नजर, आणि ओठ हलताहेत.

"तुमच्या मुलाला बघत नाही तुम्ही?" सॅलीनं न राहवून विचारलं.

"मला बघवत नाही," मार्लीन म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या टीममध्ये त्याला मागून मारलं. तीन महिने मान प्लास्टरमध्ये होती. तो समोर बघत असतो हो, डावीकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. म्हणून मी त्या माणसाला बघते." तिनं बोट दाखवलं. "सिक्स्टी-सेव्हन. तो उभा असला की माझा मुलगा उभा असतो. घरी इंटरनेटवर मॅच बघते तेव्हाही त्यालाच बघते. रात्री प्रार्थनेत त्याचं नाव घेते, पण मला ते म्हणता येत नाही. फार लांब आहे."

सॅली तिच्याकडं वळली. "नवगावकर," ती म्हणाली. "ऍरन नवगावकर. तो माझा आहे."

मार्लीननं तिच्याकडं बघितलं. पर्स खाली पडली. तिनं सॅलीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मॅच संपेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर सॅलीनं बॉल सोडला आणि ऍरनला बघायला लागली. आठ वर्षांत पहिल्यांदा. तो वाकायचा. समोरचा आडदांड त्याच्यावर आदळायचा, आणि ऍरन एका पायावर डुगडुगत का होईना, पण आडवा राहायचा. पडला तर त्याच्यासकट पडायचा. मग उठायचा, लंगडत मागं जायचा, त्या नऊ नंबरच्या पोराच्या पाठीवर थाप मारायचा आणि पुन्हा वाकायचा. दर वेळी. "अगं बाई, गुडघा बघा हो त्याचा," सॅली पुटपुटली.  झकेरिया आधीपासूनच गुडघा बघत होता.

आणि शेवटची आठ-नऊ मिनिटं राहिली असताना बॉल सांडला.

उजवीकडून कुणीतरी घुसला, नऊ नंबरला धक्का बसला, तो गुडघ्यांवर आला, बॉल हातातून निसटला, दोनदा उडाला आणि बरोबर ऍरनच्या बुटापाशी येऊन थांबला. पुढं मैदान मोकळं, चिटपाखरू नाही. वाकायचं, उचलायचं आणि धावायचं.

"उचल!" झकेरिया गरजला. "ऍरन, उचल रे बाबा!"

ऍरननं बॉलकडं बघितलं. सॅलीनं ते स्वच्छ बघितलं. मग त्यानं मान वर केली. समोरून एक वीस-बावीस स्टोनचा गडी बॉलच्या रोखानं सुसाट येत होता, आणि त्याच्या वाटेत नऊ नंबरचं पोर पाठमोरं, अजून गुडघ्यांवर. ऍरननं बॉल तिथंच सोडला आणि त्या गड्याला छातीवर घेतला. दोघं धाडकन आडवे झाले. मागून स्टीमर्सचाच एक चिमणा, चपळ गडी आला, त्यानं बॉल उचलला आणि थेट रेषेपार. टचडाऊन! सगळं मैदान त्या चिमण्याच्या नावानं ओरडायला लागलं.

"दैव देतं आणि कर्म नेतं," झकेरिया खुर्चीत कोसळत म्हणाला. "गेलं माझं पापलेट."

सॅली आणि मार्लीन मात्र उभ्या होत्या, आणि दोघी भलतीकडंच बघत होत्या. मैदानाच्या मधोमध ढिगाऱ्यातून ऍरन उठत होता. एक गुडघा. दुसरा गुडघा. उठला. "नॅव्हगॉकर!" मार्लीन ओरडली, जमेल तसं. सॅलीला ओरडताच आलं नाही, ती नुसती रडत होती.

मॅचनंतर ऍरन बाहेर आला तेव्हा केस ओले आणि कान सुजलेला. सॅलीनं काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "आई, सॉरी. मला ती बॉल दिसला होता."

"असू दे रे."

"नाही, ऐक. तुझी नवस मला माहीत आहे. बाबांनी घरी बॉल दिला ना, तेव्हा केरेनला विचारलं मी. आज ते बॉल आलं, तेव्हा मला फर्स्ट तूच आठवली. आय स्वेअर. पण तो माणूस येत होता."

"मग?"

"मग काय? माझा काम होतं ना ते."

सॅलीनं त्याचा सुजलेला कान धरला, लहानपणी पिळायची तोच, आणि पिळला नाही.

आता नवसाचं काय? त्यावर तोड झकेरियानं काढली. आपल्या धर्मात सोय आहे, तो म्हणाला. पुरा होण्याजोगा नसलेला नवस तीन जाणत्या माणसांसमोर बसून सोडवून घेता येतो. त्यांना सांगायचं, की नवस बोलताना मला अमुक गोष्ट ठाऊक नव्हती, ठाऊक असती तर बोललेच नसते. पटलं तर ते सोडवतात. त्यानं सॅलीला आठवडाभर पढवलं: रूलचं सांग. लाइनमनला बॉल देत नाहीत हे ठाऊक नव्हतं म्हण. खरंच आहे ते. आणि सिनेगॉगमध्ये जायच्या सकाळी, शुभ बोल नाऱ्या म्हणत, त्यानं आधीच मासळी आणून फ्रिजमध्ये टाकली.

हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, मधे बसले आणि दोन बाजूंना दोन म्हातारे. ऍरन मागच्या बाकावर, बाक करकरतोय.

"सॅलीबाई," हझान म्हणाले, "नवस बोललात तेव्हा काय ठाऊक नव्हतं तुम्हांला?"

सॅलीनं तोंड उघडलं. झकेरियानं मान हलवून इशारा केला, रूल, रूल.

"मला वाटायचं," सॅली म्हणाली, "ज्याच्या हातात बॉल असतो त्याची आई मजेत असते."

"आणि?"

"नसते हो. ती जीव मुठीत धरून माझ्या मुलाकडं बघत असते. आठ वर्षं कुठल्या कुठल्या आया त्याच्याकडं बघत होत्या हझानसाहेब, त्याचं नाव घेता येत नसताना त्याच्यासाठी मागत होत्या. एक मीच बघत नव्हते. माझं सगळं लक्ष बॉलकडं."

 डावीकडच्या म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. हझाननं दोघांकडं बघितलं, दोघांनी मान डोलावली, आणि तिघांनी मिळून रीतीप्रमाणं तीनदा म्हटलं, सुटलात, सुटलात, सुटलात.

सॅलीनं पदरानं डोळे पुसले आणि उठली. "रविवारी मलिदा आहे. अकराला सुरू. सगळ्यांनी यायचं, उशीर करायचा नाही."

"सॅलीबाई," हझान गोंधळले, "नवस तर आत्ताच सोडवला. आता मलिदा कशाचा?"

"कशाचा म्हणजे?" ती मागच्या बाकाकडं बघत म्हणाली. "आठ वर्षं दर वेळी पडला आणि दर वेळी उठला, त्याचा."